एका दुर्बिणीचे तीन वर्णपट

दुपारी २.३०

रात्री आकाश बघायचं तर दिवस दुपारी सुरू करावा लागतो. बंगळूरजवळच्या होसकोटे गावात भारतीय खगोलभौतिकी संस्थेचं केंद्र आहे. निरीक्षणाच्या दिवसांत मुक्काम तिथल्या अतिथिगृहात. दुर्बीण मात्र इथं नाही. ती लडाखमध्ये, हान्लेच्या डोंगरावर, ४,५०० मीटर उंचीवर आहे. हिमालयन चंद्र दुर्बीण तिचं नाव, आरसा दोन मीटर व्यासाचा. सप्टेंबर २००० मध्ये तिनं पहिला प्रकाश टिपला आणि पुढच्याच वर्षापासून उपग्रहाच्या दुव्यावरून ती होसकोटेहून चालवली जाऊ लागली. त्यामुळं जानेवारीत तिकडं उणे वीस अंश असताना आम्ही इथं पातळ स्वेटर घालून बसतो. खरं थंडीतलं काम तिथले लडाखी तंत्रज्ञ करतात.

या एका दुर्बिणीवर ताऱ्याचा प्रकाश उलगडणारी तीन उपकरणं आहेत. एचफॉस्क: मंद वस्तूंसाठीचा कॅमेरा आणि स्पेक्ट्रोग्राफ, कोपनहेगन विद्यापीठाच्या वेधशाळेच्या सहकार्यानं झालेला. टिरस्पेक: अवरक्त प्रकाशाचा, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं आणलेला, २०१३ पासून कामात असलेला. आणि हेस्प: प्रकाश अतिशय बारीक उलगडणारा एशेल स्पेक्ट्रोग्राफ, २०१५ नंतरचा. आजच्या रात्री तिघांचंही काम आहे.

सोबत पीएच.डी.चा एक विद्यार्थी आहे, मूळ साताऱ्याचा. पुढच्या सत्रासाठी दुर्बिणीचा वेळ मागणारा प्रस्ताव त्याला उद्या पाठवायचा आहे. त्यात एक रकाना असतो: कोणतं उपकरण, आणि का. पहिल्या मसुद्यात त्यानं सगळ्या ताऱ्यांपुढं हेस्प लिहिलंय. ‘का’ मध्ये लिहिलंय: सर्वांत जास्त विभेदनक्षमता. मी म्हटलं, आज रात्र काढू, मग बघू.

दुपारी ४.००

हान्लेला फोन. पलीकडून “जुले, मॅडम.” मग लगेच कामाचं: एचफॉस्कच्या ड्यूअरमध्ये द्रव नायट्रोजन भरला, टिरस्पेकमध्येही भरला, वारा बेताचा आहे, दक्षिणेला थोडे ढग आहेत.

नायट्रोजनची चौकशी रोज सगळ्यांत आधी होते, कारण डिटेक्टरला उष्णता आणि प्रकाश यांतला फरक कळत नाही. सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉनला जागचं हलवायला प्रकाशाचा कण पुरतो आणि नुसती ऊबही पुरते. एचफॉस्कचा सिलिकॉनचा डिटेक्टर, म्हणजे सीसीडी, उणे शंभर अंशांच्या आसपास नेला की ही उबेची खोटी भर जवळजवळ थांबते. टिरस्पेकचा डिटेक्टर सिलिकॉनचा नाही. तो पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांच्या संयुगाचा आहे. त्यातले इलेक्ट्रॉन सिलिकॉनमधल्यापेक्षा निम्म्या धक्क्यानंही सुटतात. म्हणून तर अवरक्तातला अशक्त फोटॉन त्याला पकडता येतो, आणि म्हणूनच त्याला ७७ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे १९६ अंशांपर्यंत थंड ठेवावं लागतं. शिवाय दोन मायक्रॉनच्या पुढं भिंत, भिंग, नळी असं साधं कोमट असलेलं सगळंच चमकायला लागतं. त्यामुळं टिरस्पेकमध्ये डिटेक्टरबरोबर त्याची भिंगं आणि ग्रिझमही त्याच थंड पिंपात, म्हणजे ड्यूअरमध्ये, बंद आहेत.

मग बायस. बायस म्हणजे शून्य सेकंदांचा फोटो. झडप उघडत नाही, प्रकाश येत नाही, नुसता सीसीडी वाचायचा. पडद्यावर सपाट राखाडी चौकोन येतो. विद्यार्थ्याला म्हटलं, दोन बायस घे आणि एकातून दुसरा वजा कर. उत्तर शून्य यायला हवं. येत नाही. प्रत्येक पिक्सेलमध्ये चार-पाच काउंटांची चुळबुळ उरते, कधी अधिक, कधी उणे. या फरकाचं प्रमाण विचलन काढायचं, त्याला दोनाच्या वर्गमुळानं भागायचं आणि एका काउंटमागं किती इलेक्ट्रॉन पडतात त्यानं गुणायचं. उत्तर पाच इलेक्ट्रॉनच्या आसपास येतं. हा रीड नॉइज. पिक्सेलमध्ये दहा इलेक्ट्रॉन असोत की दहा हजार, वाचताना एवढा गोंधळ होणारच.

त्यानं आकडा वहीत लिहिला आणि विचारलं, “पाच म्हणजे काहीच नाही ना, मॅडम?” मी म्हटलं, मध्यरात्रीपर्यंत थांब.

संध्याकाळी ५.३०

इथं खिडकीबाहेर ऊन आहे आणि हान्लेत सूर्य मावळला. जानेवारीच्या मध्यावर दोन्ही ठिकाणच्या सूर्यास्तात चाळीसेक मिनिटांचं अंतर पडतं. घुमट उघडायला सांगितला. आरशाचं तापमान बाहेरच्या हवेइतकं उतरेपर्यंत प्रतिमा थरथरत राहते, त्यामुळं ही घाई.

तोवर फ्लॅट. एचफॉस्कमध्ये हॅलोजन दिव्याचा सलग, रेषा नसलेला प्रकाश सोडून चित्र घ्यायचं. दिवा एकसारखा असला तरी चित्र एकसारखं येत नाही. कुठं एखादा आंधळा पिक्सेल, कुठं धुळीच्या कणाची गोल कडी, एखादा अख्खा स्तंभच काळा. आणि तांबड्या टोकाला, साधारण ८०० नॅनोमीटरच्या आसपास, पाण्यावर पसरलेल्या तेलाच्या तवंगात दिसतात तसे पट्टे. पातळ सीसीडीत तांबडा प्रकाश पूर्ण शोषला जात नाही. तो मागच्या पृष्ठभागावरून परततो आणि स्वतःलाच भेटतो, त्यातून हे पट्टे उमटतात. रात्री ताऱ्याच्या वर्णपटातही ते उमटणारच, म्हणून त्यांचा ठसा आत्ताच घेऊन ठेवायचा आणि नंतर त्यानं भागायचं.

दुपारपासून आम्ही आकाशाचं एकही चित्र घेतलेलं नाही. घेतली ती उपकरणाच्या खोडींची. खोडी नसलेलं उपकरण या धंद्यात मिळत नाही. भरवशाचं उपकरण म्हणजे ज्याच्या खोडी काल होत्या तेवढ्याच आज आहेत आणि ज्याच्या खोडींना आकडा लावता येतो.

रात्री ७.१५

पूर्ण अंधार. पहिला तारा फाइगे ११०, बाराव्या प्रतीच्या जरा अलीकडचा एक पांढरा तारा. कुठल्या तरंगलांबीला त्याचा प्रकाश किती, हे आधीच काटेकोर मोजून ठेवलेलं आहे. आपल्या उपकरणात त्यातला किती पोचला हे पाहिलं की वाटेत किती सांडला ते कळतं. एचफॉस्कची चाकं फिरली: एका चाकावर स्लिट, दुसऱ्यावर ग्रिझम. ग्रिझम म्हणजे प्रिझम आणि जाळी एकत्र. प्रकाश उलगडतो, पण त्याची वाट वाकत नाही. चाकावरून ग्रिझम बाजूला केला की तेच उपकरण साधा कॅमेरा होतं. या घराण्याची उपकरणं जगभर आहेत. पुण्यापासून ऐंशीएक किलोमीटरवर गिरवलीच्या डोंगरावर आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे, तिच्यावरचा आयफॉस्क हा एचफॉस्कचा सख्खा भाऊ म्हणावा असा. मी हे काम शिकले ते तिथं, त्यामुळं चाकांची भाषा ओळखीची आहे.

चित्र यायला वेळ लागतो. २०४८ बाय ४०९६ पिक्सेल, दर पिक्सेलला दोन बाइट, म्हणजे जवळजवळ सतरा एमबी, आणि सगळं उपग्रहावरून फिरून. म्हणून आधी कामापुरता तुकडा मागवतो. काळ्या पार्श्वभूमीवर उभी एक पांढरी रेघ येते. हा आपला तारा. तिला छेदणाऱ्या आडव्या, फिकट रेषा आकाशाच्या. त्यातली सगळ्यांत ठळक ५५७.७ नॅनोमीटरची, हिरवी. ती वातावरणातल्या उंचावरच्या ऑक्सिजनची, काळ्याकुट्ट रात्रीही असणारच.

तारा घेतल्यावर लगेच लोखंड-आर्गॉनचा दिवा. त्याच्या रेषा कुठल्या तरंगलांबीला पडतात हे ठाऊक असतं, त्यावरून मोजपट्टी आखायची. पण एचफॉस्क दुर्बिणीच्या बुडाला टांगलेला आहे. दुर्बीण कलली की त्याचंही वजन कलतं, लोखंड केसाएवढं वाकतं आणि मोजपट्टी सरकते. ही सरक धरण्यासाठी तीच हिरवी रेषा उपयोगी पडते. ती ५५७.७ ऐवजी ५५७.९ वर दिसली तर सगळा वर्णपट तेवढा मागं घ्यायचा. गिरवलीला आकाशाच्या या रेषांत शहरांच्या दिव्यांच्या सोडियम-पाऱ्याच्या रेषा मिसळलेल्या असायच्या. हान्लेचं आकाश त्या बाबतीत स्वच्छ आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तो परिसर अंधाऱ्या आकाशाचं राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला.

रात्री ९.४५

आता टिरस्पेक. तो दुर्बिणीच्या बाजूच्या तोंडावर बसवलेला आहे. मधला आरसा फिरवला की प्रकाश एचफॉस्कऐवजी तिकडं वळतो. उपकरण उतरवा-चढवायची भानगड नाही.

लक्ष्य मृग नक्षत्रातलं: एम-७८ या तेजोमेघाजवळचा व्ही-१६४७ हा कोवळा तारा. २००३ च्या अखेरीस तो अचानक उजळला, २००६ पर्यंत मंदावला आणि २००८ मध्ये पुन्हा उजळला. अशा ताऱ्यांभोवती वायू-धुळीची तबकडी असते. तिच्यातलं द्रव्य ताऱ्यावर ओघळतं, कधी थेंबथेंब, कधी लोंढ्यानं. हे बघायचं तर दृश्य प्रकाश कुचकामी, कारण मधली धूळ तो गिळून टाकते. दोन मायक्रॉनचा प्रकाश मात्र धुळीतून पार होतो. आम्हाला हवी आहे हायड्रोजनची २.१६६ मायक्रॉनची रेषा. ती किती जोरकस आहे यावरून ओघळण्याचा वेग कळतो.

एचफॉस्कचा सीसीडी इथं आंधळा आहे. १.१ मायक्रॉनच्या पुढं सिलिकॉन काचेसारखं पारदर्शक होतं; फोटॉन येतो आणि आरपार निघून जातो. टिरस्पेकच्या डिटेक्टरला अडीच मायक्रॉनपर्यंत दिसतं. त्या दृष्टीची किंमत मात्र इतरत्र मोजावी लागते. त्यात पिक्सेल १०२४ बाय १०२४ एवढेच. वाचण्याचा गोंधळ सीसीडीच्या कितीतरी पट. आणि बायस म्हणावा तर तो दर वेळी थोडा वेगळा.

पण त्याच्याकडं एक गोष्ट आहे जी सीसीडीकडं नाही. सीसीडीत साठलेला भार ओळीओळीनं पुढं सरकवत कोपऱ्यापर्यंत न्यावा लागतो. एकदा वाचला की संपला. अवरक्त डिटेक्टरमध्ये प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा प्रवर्धक असतो, त्यामुळं भार न सांडता पुन्हा पुन्हा मोजता येतो. शंभर सेकंदांच्या एका नोंदीत आम्ही तो सतत वाचत राहतो आणि दर पिक्सेलचा आलेख चढताना बघतो. चढ सरळ असेल तर तो ताऱ्याचा प्रकाश. मध्येच एकदम पायरी आली तर वैश्विक किरण येऊन धडकला, ती पायरी कापून उरलेला चढ जोडायचा. पहिल्या वाचनातली अनिश्चिती वजाबाकीत उडून जाते. वाचन अनेक असल्यानं गोंधळही सरासरीत खाली येतो.

आकाशाचा बंदोबस्तही वेगळा. अवरक्तात आकाश काळं नसतंच. ऐंशी-नव्वद किलोमीटर उंचीवरचे हायड्रॉक्सिल रेणू चमकत असतात आणि ती चमक मिनिटांत बदलते. म्हणून तारा स्लिटच्या एका टोकाला ठेवून एक नोंद, मग दुसऱ्या टोकाला सरकवून दुसरी. एकातून दुसरी वजा केली की आकाश जातं आणि ताऱ्याच्या दोन रेघा उरतात, एक पांढरी, एक काळी. मग पाण्याच्या वाफेचे पट्टे काढायला शेजारचा एखादा अ-वर्गाचा तारा घ्यायचा. विद्यार्थ्यानं तो तेजस्वी तारा आधी उरकून टाकू म्हटलं. तसं करत नाहीत. या जातीच्या डिटेक्टरच्या स्मरणात तेजस्वी तारा रेंगाळतो. झाकण लावलं तरी पुढच्या काही चित्रांत त्याचं भूत दिसतं. मंद तारा आधी, तेजस्वी नंतर.

तासाभरानं जोडलेल्या नोंदींत २.१६६ ची रेषा वर डोकावली.

रात्री ११.३०

डबा. लिंबूभात, पापड, ताक. नियंत्रण खोलीच्या बाहेर बसून खायचं, हा इथला नियम.

रात्री १२.१५

परत एचफॉस्क. सिंह राशीतल्या एका दीर्घिकेत सुपरनोव्हा फुटलाय, साधारण पंधराव्या प्रतीचा. त्याचा प्रकार ठरवायचा आहे. तीस मिनिटांची नोंद सुरू केली. ताऱ्यामागं दुर्बीण आपोआप फिरते आहे. ही तीस मिनिटं हातात काही काम नाही, म्हणून विद्यार्थ्याला वही उघडायला लावली. दुपारच्या त्या पाच इलेक्ट्रॉनचा हिशेब आता करू.

शून्याव्या प्रतीच्या ताऱ्याकडून वातावरणाच्या वर दर चौरस सेंटिमीटरवर, दर सेकंदाला, एका अँगस्ट्रॉमच्या पट्टीत साधारण हजार फोटॉन येतात. पंधरावी प्रत म्हणजे याच्या दहा लाखांश. आरशाचं क्षेत्रफळ तीस हजार चौरस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे अख्ख्या आरशावर, एका अँगस्ट्रॉममध्ये, सेकंदाला तीस फोटॉन. हवा, आरसे, स्लिट, ग्रिझम आणि डिटेक्टर मिळून त्यातले दहा टक्के पोचले असं धरू: तीन. अर्ध्या तासात पाच हजार चारशे.

एचफॉस्कमध्ये पिक्सेलमागं दीडेक अँगस्ट्रॉम. म्हणजे रेघेच्या एका आडव्या कापात आठ हजार फोटॉन, दहाएक पिक्सेलवर पसरलेले. फोटॉनच्या स्वतःच्या चढउताराचा वर्ग आठ हजार. वाचण्याच्या गोंधळाचा वर्ग पाच गुणिले पाच, गुणिले दहा पिक्सेल, म्हणजे अडीचशे. आठ हजारांपुढं अडीचशे काय! संकेत आणि गोंधळ यांचं गुणोत्तर जवळपास नव्वद.

आता हाच तारा हेस्पमध्ये. त्याच्या एका पिक्सेलच्या वाट्याला अँगस्ट्रॉमचा तीन शतांश भाग धरू. प्रकाश प्रकाशतंतूतून जातो, आणखी भिंगा-आरशांवरून जातो, म्हणून दहाऐवजी पाच टक्के. हिशेबाला येतात ऐंशी फोटॉन. पिक्सेल तेवढेच धरले तर वाचण्याचा गोंधळ तोच, अडीचशे. आता तो फोटॉनच्या तिप्पट झाला. गुणोत्तर साडेचारच्या आतबाहेर. वर्णपट म्हणून दाखवायला लाज वाटेल असा.

एक चमचा तूप एका भाकरीला लावलं तर दिसतं. तेच पन्नास भाकऱ्यांना लावायचं म्हटलं तर तव्यालाच जास्त लागतं. प्रकाश उलगडावा तेवढा तो पातळ होतो आणि डिटेक्टर मात्र दर पिक्सेलमागं आपला कर घेतोच. विद्यार्थी बराच वेळ त्या दोन आकड्यांकडं बघत होता. आकाशाचा उजेड यात धरलेला नाही, तो धरला तर मंद ताऱ्याचं आणखी नुकसान.

सव्वाच्या सुमाराला चित्र आलं. रेघेत रुंद खड्डे आहेत आणि त्यातला एक ६१५ नॅनोमीटरच्या जवळ. सिलिकॉनची रेषा ६३५.५ ला असते. इथं ती निळ्याकडं वीस नॅनोमीटर सरकली आहे, म्हणजे द्रव्य सेकंदाला दहाएक हजार किलोमीटर वेगानं आपल्याकडं येतंय. हायड्रोजनची रेषा नाही. प्रकार १-अ. पांढऱ्या बटूचा स्फोट. एचफॉस्कला सेकंदाला दोन-अडीचशे किलोमीटरच्या आतला फरक कळत नाही, पण जिथं द्रव्य दहा हजारानं धावतंय तिथं त्याचं कुणाला काय. मानक म्हणून फाइगे ३४ घेतला, दिवा घेतला.

पहाटे २.४५

दुसरी लांब नोंद चालू आहे. पहिल्या चित्रावर ठिपके आणि बारीक ओरखडे पडलेत. ते वैश्विक किरणांचे. ४,५०० मीटरवर डोक्यावरची हवा थोडी, त्यामुळं त्यांचा मारा जास्त. सीसीडीला मधल्या मधल्या वाचनाची सोय नाही, म्हणून एकाच तासाच्या नोंदीऐवजी दोन अर्ध्या घेऊन तुलना करायची. दोन केल्या की वाचण्याचा कर दोनदा. इथं तो परवडतो, हे मघाशीच हिशेबात आलं.

या वेळेला झोप अंगावर येते, तेव्हा गप्पा लागतात. विद्यार्थ्याला वाटत होतं की महाराष्ट्रात हे काम आयुकापासून सुरू झालं. कावसजी नायगमवाला यांचं नाव त्यानं ऐकलं नव्हतं. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या वेधशाळेचे ते प्रमुख. १८८८ मध्ये तिथं वीस इंची ग्रब दुर्बीण आली आणि वर्णपट हाच तिचा मुख्य उद्योग होता. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेब विजयदुर्गावर तळ ठोकून होते आणि नायगमवाला जेऊरला. त्यांच्याजवळ डिटेक्टर म्हणजे छायाचित्राची काच. शंभर फोटॉन पडले तर जेमतेम एखाद्याची नोंद घेणारी. बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना १९६९ मध्ये मांडली, २००९ मध्ये त्याबद्दल त्यांना नोबेल मिळालं. आजचा चांगला सीसीडी त्याच्या आवडत्या रंगात शंभरातले नव्वद पकडतो. आरसा न वाढवता दुर्बीण कैक पटींनी मोठी झाली ती अशी. पुण्याची ती वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि दुर्बीण कोडाइकनालला गेली.

पहाटे ४.३०

हेस्पची वेळ. हा दुर्बिणीला टांगलेला नाही. दुर्बिणीच्या केंद्रावर प्रकाशतंतूचं टोक आहे, त्यात ताऱ्याचा प्रकाश शिरतो आणि तंतूतून वेगळ्या खोलीत जातो. तिथं स्पेक्ट्रोग्राफ बंद दाराआड, अंशाच्या लहानशा भागाइतकंही तापमान हलू नये अशा बंदोबस्तात बसलाय. कलणं नाही, वाकणं नाही. एचफॉस्कची जी मोठी खोड, ती याला नाही.

तारा एचडी १२२५६३, भूतप नक्षत्रातला, सहाव्या प्रतीचा. यात लोखंड सूर्याच्या पाचशेव्या हिश्श्याच्या आसपास. आकाशगंगेत जड मूलद्रव्यं फारशी तयार व्हायच्या आधीचा हा म्हातारा. त्याच्या लोखंडाच्या रेषा इतक्या बारीक की एचफॉस्कमध्ये त्या शेजारच्या प्रकाशात बुडून जातात. इथं ६०,००० ची विभेदनक्षमता हवीच. म्हणजे सेकंदाला पाच किलोमीटरचा फरकही सुटा दिसतो. आणि हिशेब? मघाच्या सुपरनोव्हापेक्षा हा नऊ प्रतींनी, म्हणजे चार हजार पटींनी तेजस्वी. ऐंशी फोटॉनचे तीन लाखांवर गेले. अडीचशेच्या कराला आता कोण विचारतो!

चित्र मोठं असतं: ४०९६ बाय ४०९६. त्यात एक रेघ नाही, डझनावारी समांतर, किंचित वाकलेल्या रेघा. निळ्यापासून तांबड्यापर्यंतचा लांबलचक वर्णपट तुकडे करून एकाखाली एक रचलेला. दुसऱ्या तंतूतून थोरियम-आर्गॉनच्या दिव्याचे टिपके शेजारी. एका रेघेवर मी पडदा मोठा केला: प्रकाशात एक काळी चीर, कडा धारदार, शेजारी अर्ध्या खोलीची दुसरी. विद्यार्थी पुढं झुकला. दोन्ही लोखंडाच्या.

सकाळी ५.५०

हान्लेला पहाट फुटायला लागली. शेवटचे दिवे, शेवटचे बायस. घुमट बंद. तिथल्या तंत्रज्ञाचा फोन: दुर्बीण उभी करून ठेवली, आता चहा. त्यांच्याकडं सूर्य आमच्यापेक्षा अर्धा तास उशिरा उगवणार.

सकाळी ७.३०

नोंदवहीत रात्र उतरवली: कोणती फाइल, कोणता ग्रिझम, किती सेकंद, ढग केव्हा आले. मग विद्यार्थ्यानं आपला प्रस्ताव उघडला. यादीतले तारे नवव्या ते चौदाव्या प्रतीचे, सगळे जड मूलद्रव्यांना वंचित असल्याचा संशय असलेले. सगळ्यांपुढं हेस्प, ६०,०००.

मी काही बोलले नाही. त्यानं रात्रीचा हिशेब एकेका ओळीला लावला. नवव्या-दहाव्या प्रतीला ६०,००० चालतं. पुढं त्याच्या लक्षात आलं की ६०,००० साठी ताऱ्याच्या प्रतिमेचे काप करून ते शेजारी मांडावे लागतात, म्हणजे जास्त पिक्सेल वाचायचे, म्हणजे जास्त कर. ३०,००० च्या सोयीत काप नाहीत. शिवाय पिक्सेल दोन-दोन एकत्र वाचता येतात. अकराव्या-बाराव्या प्रतीपुढं त्यानं ३०,००० केलं. तेराव्या-चौदाव्याचं काय? ते त्यानं हेस्पमधून काढून एचफॉस्ककडं दिले. आधी अर्ध्या-अर्ध्या तासात सगळ्यांचा ढोबळ वर्णपट घ्यायचा आणि त्यात जे खरोखर लोहवंचित निघतील त्यांच्यावरच पुढं हेस्पच्या लांब रात्री खर्चायच्या. यादीतले दोन तारे धुळीआड निघाले, त्यांच्यासाठी टिरस्पेकच्या दोन तासांची ओळ वाढली.

‘का’ च्या रकान्यातली ‘सर्वांत जास्त विभेदनक्षमता’ ही ओळ त्यानं खोडली. तिथं आता प्रत्येक ताऱ्यापुढं एक आकडा आहे: अर्ध्या तासात पिक्सेलमागं किती फोटॉन येणार, आणि त्यातला किती भाग वाचण्यातच जाणार. मागितलेल्या रात्री आधीपेक्षा कमी झाल्या. आठला त्यानं प्रस्ताव पाठवला आणि मी पडदे ओढून झोपायला गेले.